भेटीची परडी कोणाच्या हातची?

गेल्या नाताळात माझ्या भाच्याने अमेरिकेतून मला एक परडी पाठवली. तो दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन या जुन्या बंदराच्या शहरात नोकरीला आहे. नाताळात आप्तमित्रांना भेटी देण्याची तिकडे चाल आहे. या भेटी कारखान्यातल्या नसाव्यात, आपल्या शहरात बनलेल्या असाव्यात, असा आग्रह अलीकडे दुकानदार आणि वर्तमानपत्रे दोघेही धरतात. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथल्या हातची वस्तू म्हणून हीच घेतली. किंमत ऐकून मी घासाघीस केली. बाई रागावली नाही. म्हणाली, बस इथे आणि मोज. गवत आणायला दुसऱ्या राज्यात जावं लागलं, त्यात एक दिवस गेला. शिवायला चार दिवस गेले. आता तूच सांग किंमत. मामा, मला आजीची आठवण झाली आणि लाज वाटली."

परडी ओंजळीएवढी आहे. तिला वाळल्या गवताचा गोडसर वास आहे. ती हातात धरली तेव्हा मलाही माझी आईच आठवली. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधत असे. दिवाळीआधीच्या बाजारात केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती चार कोस चालत जाई. गिऱ्हाईक एकेका केरसुणीवरून तिच्याशी हुज्जत घाली आणि मग वरून, हाताला हात न लागता, नाणे टाकी. ती केरसुणी घरी नेऊन, पाणी शिंपडून, हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजली जाई. लक्ष्मी करणारी बाई मात्र अंगणाच्या बाहेरच उभी असे.

म्हणून या परडीबद्दल लिहिणे मला भाग आहे. हौसेच्या वस्तूंची माहिती देणे हा माझा हेतू नाही. वस्तूचा गौरव होतो आणि ती करणाऱ्या माणसाचा होत नाही, असे का घडते, हा प्रश्न तिथल्या कृष्णवर्णीयांपुढे आहे तसाच आपल्यापुढेही आहे. त्यांनी त्याला दिलेले उत्तर आपण नीट समजून घेतले पाहिजे.

चार्ल्सटनमध्ये नाताळच्या भेटी म्हणून आज काय विकले जाते? कापडी पिशवीत भरलेला 'कॅरोलायना गोल्ड' तांदूळ. तिळाच्या पातळ, खुसखुशीत चकत्या. त्यांना तिथे 'बेने वेफर' म्हणतात. लोखंडी नक्षीकामाच्या नमुन्याचे दागिने आणि शोभेच्या वस्तू. पामेटो ताडाच्या पात्यांची गुलाबफुले. ती पोरे घडी घालून करतात आणि रस्त्यावर विकतात. आणि गोडगवताच्या परड्या. पाहुणा हे सारे 'दक्षिणेची जुनी परंपरा' म्हणून विकत घेतो. पण एकेक वस्तू हातात घेऊन तिचे मूळ शोधत गेले, की आपण गुलामांच्या झोपडीपाशी जाऊन पोचतो.

तीळच घ्या. 'बेने' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमधला आहे. तीळही गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबरच त्या किनाऱ्यावर रुजला. त्यांनी तो आपल्या परसातल्या तुकड्यात पेरला. पुढे तो मालकाच्या स्वयंपाकघरात गेला आणि 'चार्ल्सटनची खासियत' झाला. संक्रांतीला तीळगूळ देऊन गोड बोलण्याचा उपदेश करणाऱ्या आपल्या समाजाला हे चमत्कारिक वाटू नये. तीळ कोणी पेरला आणि गूळ कोणाच्या घामाने झाला, हे आपल्याकडेही वाटीत दिसत नाही.

तांदळाची गोष्ट याहून मोठी आहे. चार्ल्सटनची स्थापना १६७० सालची. अठराव्या शतकात ते शहर श्रीमंत झाले ते मुख्यतः तांदळावर. भात पिकवावे कसे, हे इंग्रज मळेवाल्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते सेनेगांबिया आणि सिएरा लिओनच्या बाजूच्या आफ्रिकी माणसांना. दलदल उपसून बांध घालणे, भरती-ओहोटीचे पाणी दारांनी अडवणे व सोडणे, उखळात मुसळाने भात कांडणे, मोठ्या उथळ टोपल्यांत ते पाखडणे, हे सारे ज्ञान त्यांनी आपल्याबरोबर आणले. ज्युडिथ कार्नी या अभ्यासिकेने २००१ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहून ही बाजू मांडली. म्हणजे त्या माणसांचे केवळ स्नायू लुटले गेले नाहीत, त्यांची विद्याही लुटली गेली. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरातून उतरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्यांनी शेतीशास्त्र आणले त्यांना 'अडाणी' म्हटले गेले. ज्यांनी ते फुकट वापरले ते 'सुसंस्कृत घराणी' ठरले. ही किमया आपल्या परिचयाची आहे.

त्या सुसंस्कृतांचे कायदे पाहा. १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. पाठोपाठ १७४० साली जो कायदा आला त्याने गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. त्याने कोणते जाडेभरडे कापड अंगावर घालावे हेही त्याच कायद्यात लिहिले गेले. चार्ल्सटन शहरात आणखी एक पद्धत होती. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे भाड्याने लावी, तेव्हा शहराकडून तांब्याचा बिल्ला विकत घ्यावा लागे. त्यावर साल, क्रमांक आणि धंदा कोरलेला असे: नोकर, हमाल, कारागीर, कोळी, फळविक्या. माणसाचे नाव त्यावर नसे. गळ्यातले मडके नि कमरेचा झाडू ज्यांच्या पूर्वजांनी वागवला, त्यांना या बिल्ल्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आज हेच बिल्ले जुन्या वस्तूंचे शौकीन मोठी किंमत देऊन विकत घेतात.

आता परडीकडे वळतो. सुरुवातीच्या टोपल्या शोभेच्या नव्हत्याच. भात पाखडायची मोठी, उथळ, बुटक्या काठांची टोपली हे मळ्यावरचे अवजार होते. ती दलदलीतल्या जाड लव्हाळ्याची असे आणि ती बहुधा पुरुष करीत. आपल्याकडच्या सुपाचे काम ती करी. पुढे घरगुती वापरासाठी नि विक्रीसाठी बाया ज्या नाजूक परड्या करू लागल्या, त्यात गोडगवत आले.

करण्याची रीत अशी. गोडगवत समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांमागे उगवते. ते कापत नाहीत. हाताने ओढून घेतात, म्हणजे मूळ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. मग ते सावकाश वाळवतात. हिरवे गवत पिवळसर सोनेरी होते. तपकिरी रंगासाठी लांब पानांच्या पाइन वृक्षाच्या सुया आणि बळकटीसाठी लव्हाळे घालतात. सुरुवात मधल्या गाठीपासून होते. गवताची बोटाएवढी जुडी चुंबळीसारखी वळत न्यायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला पामेटो ताडाच्या चिरलेल्या पात्याने शिवायचा. भोक पाडायला दाभण लागते. ते बहुधा जुन्या चमच्याचा दांडा घासून घरीच करतात. जुडी बारीक होऊ लागली की तिच्यात नवे गवत सरकवायचे, म्हणजे जाडी सारखी राहते. या बाया 'आम्ही परडी विणतो' असे म्हणत नाहीत, 'शिवतो' म्हणतात. आडवा-उभा धागा त्यात नसतोच. लहान परडीला काही दिवस लागतात, मोठीला आठवडे आणि कधी महिनेही. या कामाला यंत्र नाही. अशीच गुंडाळीची रीत पश्चिम आफ्रिकेत आजही आहे. तीनशेहून अधिक वर्षे, आईकडून मुलीकडे, ती या किनाऱ्यावर चालत आली आहे. हे लोक स्वतःला गुल्ला किंवा गीची म्हणवतात. त्यांची बोलीही स्वतंत्र आहे. एके काळी सुशिक्षित लोक तिला 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवीत.

यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटनच्याच बंदरात डागली गेली. युद्धाच्या शेवटी, जानेवारी १८६५ मध्ये, सेनापती शर्मनने हुकूम काढला: चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची किनाऱ्याची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने तो फिरवला आणि बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत गेल्या. तरी काही कुटुंबांनी पुढे पैपै जमवून थोडीथोडी जमीन विकत घेतली. चार्ल्सटनसमोरच्या माउंट प्लेझंट भागात अशा वस्त्या झाल्या आणि परडीचा धंदा तिथेच जगला.

परडीची विक्री कशी बदलली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे. १९१६ च्या सुमारास शहरातला एक व्यापारी या वस्त्यांतून परड्या ठोक घेऊ लागला आणि दूरच्या गावी विकू लागला. बायांना मिळे ते थोडे, नावही व्यापाऱ्याचेच. १९२९ साली कूपर नदीवर पूल झाला. त्यानंतर १७ क्रमांकाचा महामार्ग पक्का झाला आणि उत्तरेकडच्या मोटारी वस्तीच्या दारावरून जाऊ लागल्या. १९३० च्या दशकात बायांनी रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडली, फळ्या ठोकून मांडव केला आणि परड्या टांगल्या. दलाल मधून निघाला. गिऱ्हाईक प्रत्यक्ष बाईशी बोलू लागले आणि किंमत तिने सांगायची असे ठरले. हा लहानसा बदल मला फार मोलाचा वाटतो. कोणा उदार माणसाने तो करून दिला नव्हता. त्या बाया स्वतः रस्त्यावर येऊन बसल्या, म्हणून तो झाला.

मान मागाहून आला. मेरी जेन मॅनिगॉल्ट या परडीकार बाईला १९८४ साली राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्याच्या दोन वर्षे आधी तो चार्ल्सटनचे कृष्णवर्णीय लोहार फिलिप सिमन्स यांना मिळाला होता. शहरातल्या गोऱ्या घरांची किती तरी सुंदर लोखंडी फाटके सिमन्स यांच्या भात्यातून निघाली, आणि ही विद्या ते गुलामीत जन्मलेल्या एका वृद्ध लोहाराच्या हाताखाली शिकले. मेरी जॅक्सन या परडीकार बाईंना २००८ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. २००६ साली गोडगवताची परडी ही राज्याची अधिकृत हस्तकला जाहीर झाली आणि महामार्गाच्या त्या पट्ट्याला परडीकारांचे नाव दिले गेले.

आणि तरीही गवत मिळेना! इथे या कहाणीतला खरा पेच आहे. ज्या किनाऱ्यावर गोडगवत उगवत होते तिथे श्रीमंतांच्या वसाहती, गोल्फची मैदाने, विश्रामगृहे झाली. भोवती कुंपणे आली, दारावर पहारेकरी आले. आजीने जिथे गवत ओढले तिथे नात गेली तर ती अतिक्रमण करणारी ठरते. म्हणून गवत आणायला जॉर्जिया आणि फ्लोरिडापर्यंत जावे लागते. माझ्या भाच्याला त्या बाईने सांगितले ते हेच. रस्ता रुंद झाला, भोवती दुकाने आली, तसे मांडवही कमी होत गेले.

जमिनीचीही तीच कथा. मुक्त झालेल्या कुटुंबांनी घेतलेली जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिली. मग कुठल्या तरी दूरच्या वारसाचा लहानसा हिस्सा एखादा जमीनवाला विकत घ्यायचा, वाटणीचा दावा लावायचा आणि कोर्टाच्या लिलावात सगळीच जमीन स्वस्तात उचलायचा. याला आळा घालणारा कायदा दक्षिण कॅरोलायनात २०१६ साली झाला. त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव आहे. चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चचे हे धर्मोपदेशक राज्याच्या विधिमंडळाचे सदस्यही होते. १७ जून २०१५ च्या रात्री एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने त्या चर्चमध्ये ज्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत ते होते. वतनी जमिनी कशा गेल्या, हे ज्यांनी पाहिले-ऐकले आहे त्यांना हे परके वाटणार नाही. आपल्याकडच्या बुरडालाही बांबू कोणत्या जंगलातून आणायचा हा प्रश्न होताच. बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्यावर गावाचा हक्क आहे, हे मान्य करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. कलेचे प्रदर्शन भरवणे सोपे असते. कच्च्या मालावरचा आणि जमिनीवरचा हक्क देण्याची वेळ आली की व्यवस्थेचा हात आखडतो.

आता 'भेट' या शब्दाविषयी. गुलामीच्या काळात नाताळ ते नववर्ष हे काही दिवस गुलामांना सुटी असे. मालक त्या दिवसांत कपडे, जोडे, थोडे मांस, थोडी दारू वाटी. सकाळी गुलामांनी वाड्यापुढे यायचे, 'नाताळची भेट' म्हणून ओरडायचे आणि मालकाने हसत काहीतरी हातावर ठेवायचे. मेरीलँडच्या गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात या सुट्यांचे मर्म उघड केले. त्यांच्या मते बंडाची वाफ जिरवण्याची ही मालकांची युक्ती होती. नाताळ संपला की १ जानेवारी येई. त्या दिवशी गुलाम भाड्याने लावले जात, विकले जात, आई इकडे नि लेकरू तिकडे होई. आठवड्यापूर्वी भेट देणारा हातच आठवड्यानंतर लेकरू हिरावून घेई.

आपल्याकडे सणासुदीला 'दिवाळी मागायला' जाणाऱ्यांच्या पदरात काय पडे? कालचे अन्न, जुने लुगडे, पसाभर धान्य. वर 'धन्याची कृपा' हे शब्द. वर्षभराच्या राबण्याची मजुरी नाकारायची आणि तिचा कण भेट म्हणून द्यायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा म्हणून सांगितले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. भेट नाकारल्याशिवाय मजुरी मागता येत नाही.

हे साम्य मी ओढून आणलेले नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची विचारणा केली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नावच तिकडचे. नाते जुने आहे.

पण साम्याच्या भरात एक भेद विसरून चालणार नाही. गुल्ला बाईला परडी ही तिच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून आणलेली, मालकाला हिरावता न आलेली ठेव वाटते. ती जपणे हा तिच्या अस्मितेचा भाग आहे. केरसुणी माझ्या आईच्या बोटांत होती, पण ती तिने निवडलेली नव्हती. जातीने तिच्या गळ्यात घातली होती. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. म्हणून 'पारंपरिक व्यवसाय जपा' असा उपदेश आपल्याला कोणी केला की आपण सावध होतो, आणि ते बरोबरच आहे. आईने मला केरसुणी बांधायला कधी शिकवले नाही. मी पात्याला हात लावला की ती तो झटकून टाकी आणि पाटीकडे बोट दाखवी. तिचा तो निर्णय होता, आणि त्यातच तिचे स्वातंत्र्य होते.

मग मी या परडीचे कौतुक का करावे? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. मला सापडलेले उत्तर असे. एखादी विद्या जपावी की सोडावी, हे ठरवण्याचा अधिकार तिच्या धन्याचा, गिऱ्हाइकाचा किंवा सरकारचा नाही, करणाऱ्याचा आहे. तिच्या मुलीला शाळेचे दार उघडे असेल, दुसरा धंदा करण्याची मोकळीक असेल, आणि तरीही ती दाभण हाती घेत असेल, तर ती कला आहे. दार बंद असेल तर त्याच कामाला वेठ म्हणावे लागेल, मग त्यावर कितीही पुरस्कार बसवा. गुल्ला बायांच्या मुलीही आज दुसऱ्या नोकऱ्यांकडे जात आहेत आणि जाणत्या बाया त्यांना अडवत नाहीत. फक्त ज्या राहतात त्यांना गवत, जागा आणि रास्त दाम मिळावे असे त्या म्हणतात. मला त्यांची मागणी आणि माझ्या आईचा नकार एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत.

वाचकांपैकी कोणाची मुले-भाचरे तिकडे असतील, त्यांनी नाताळात भेट जरूर घ्यावी. पण ज्या बाईने परडी शिवली तिच्याकडूनच, तिच्या मांडवात किंवा जुन्या सिटी मार्केटच्या विटांच्या छपरांखाली तिच्यासमोर बसून घ्यावी. गुंडाळीच्या स्वस्त परड्या बाहेरदेशीच्याही येतात, म्हणून कोणी केली हे विचारावे. तिचे नाव लिहून घ्यावे. घासाघीस करू नये. तांदळाची नि तिळाची पुडी घेतली तर ते पीक त्या मातीत कोणी रुजवले हे पुडीबरोबर सांगावे. जमल्यास गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ साली उघडलेले आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय पाहून यावे. गुलामांची जहाजे त्याच धक्क्याला लागत.

आणि जे इथे आहेत त्यांनी एवढे करावे: येत्या दिवाळीत केरसुणी घेताना ती बांधणाऱ्या बाईला किती दिवस लागले ते विचारावे, आणि पैसे तिच्या हातात द्यावेत.

परडी मी टेबलावर ठेवली आहे. भाच्याने त्या बाईचे नाव एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवले आहे. आईच्या हातची एकही केरसुणी आमच्या घरात आज नाही. त्या झिजेपर्यंत वापरायच्या आणि टाकून द्यायच्या, हेच त्यांचे आयुष्य होते. त्यांच्यावर तिचे नाव कोणी लिहिले नाही. मीही लिहिले नव्हते.